बियांपासून मेपल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मेपलची बी पेरली, पण काही उगवलंच नाही," असं कुणी म्हटलं की माझा उलटप्रश्न ठरलेला असतो : कुठल्या मेपलची? मेपलच्या एसर या प्रजातीत सव्वाशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांच्या बियांच्या सवयी एकमेकींशी जुळत नाहीत. एकीची बी जमिनीवर पडताच काही दिवसांत मोड काढते, तर दुसरीची दोन हिवाळे मातीत गप्प पडून राहते. खालची बहुतेक उत्तरं या एका फरकावरच उभी आहेत.

माझ्याकडची बी कुठल्या मेपलची, हे कसं ओळखू?

शक्य असेल तर बियांबरोबर झाडाखालचं पानही उचलून आणा. पान नसेल तर दोन खुणा कामी येतात. पहिली, बी कधी पडली. वसंत सरताना किंवा उन्हाळा लागताना पडली असेल तर ती बहुधा सिल्व्हर किंवा रेड मेपलची. शरदात पडली असेल तर बाकी जवळपास सगळेच मेपल शक्य आहेत. दुसरी खूण म्हणजे जोडीने येणाऱ्या दोन पंखांमधला कोन. नॉर्वे मेपलचे पंख जवळजवळ एका सरळ रेषेत पसरलेले असतात, सिकमोर मेपलचे साधारण काटकोनात किंवा थोडे कमी, आणि शुगर मेपलचे खाली वळून एकमेकांना जवळपास समांतर. बॉक्सएल्डर हाही मेपलच, त्याच्या बिया लांब घोसांत लोंबतात आणि पानं झडल्यावरही बराच काळ झाडावरच राहतात.

नॉर्वे आणि शुगर मेपलच्या पानांत हमखास गल्लत होते. ताज्या पानाचा देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर नॉर्वे.

पंख काढून टाकायचे की तसेच पेरायचे?

दोन्ही चालतं. पंख हा फळाचाच भाग आहे, बी त्याच्या जाड टोकाशी असलेल्या गाठीत असते. पंख काढला म्हणून उगवण वाढत नाही. पण फ्रिजमध्ये ठेवायच्या पिशवीत जागा कमी लागते आणि बुरशीला खायला कमी मिळतं, म्हणून मी काढते. वाळलेला पंख बोटांनी चोळला की निघून येतो. झाडाच्या दृष्टीने मात्र त्याचं काम मोठं आहे. बी गिरक्या घेत खाली येते तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो. हवेत एका जागी तरंगणारे कीटकही असाच भोवरा वापरतात. त्यामुळे बी सावकाश उतरते आणि वाऱ्याला तिला लांब न्यायला वेळ मिळतो.

बिया गोळा करायची योग्य वेळ कोणती?

पंख हिरवे किंवा गुलाबी असताना घाई करू नका आणि पूर्ण वाळून झाडाखाली महिनाभर पडलेल्याही उचलू नका. रंग तपकिरीकडे झुकायला लागला, की फांदी हलवावी. सहज सुटतील त्या बिया तयार झालेल्या असतात.

जपानी मेपलच्या बाबतीत वेळ आणखी महत्त्वाची ठरते. बी झाडावर पूर्ण वाळली की तिचं कवच कडक होतं, पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि उगवण लांबते. पंख नुकते तपकिरी व्हायला लागले असतानाच बी तोडून, न वाळवता लगेच थंडीच्या प्रक्रियेला (ती पुढे सांगितली आहे) लावली तर फरक स्पष्ट दिसतो. वाळलेलीच बी हाती आली असेल तर सुमारे ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकून ते पाणी निवू द्या आणि बी एक-दोन दिवस त्यातच भिजत ठेवा. उकळतं पाणी ओतू नका. बी शिजते.

बी आतून भरलेली आहे की पोकळ, हे कसं कळेल?

सोपा उपाय म्हणजे पाण्यात टाकून पाहणं : बुडेल ती चांगली, तरंगेल ती पोकळ. पण या चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही. वाळलेली चांगली बीही सुरुवातीला तरंगते, म्हणून निर्णय निदान २४ तास भिजवल्यानंतर घ्यावा. खात्रीची चाचणी म्हणजे मूठभर बियांतल्या पाच-सहा धारदार पात्याने कापून पाहणं. आत घट्ट, दुमडलेला, हिरवा किंवा पिवळसर गर्भ दिसला तर बी चांगली. बऱ्याच मेपलचा गर्भ बीच्या आत असतानाच हिरवागार असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटतं. आत नुसती पोकळी किंवा काळपट भुगा असेल तर त्या झाडाच्या बियांवर महिने घालवू नका.

मेपल परागीभवन झालं नसतानाही फळ धरू शकतो, त्यामुळे बाहेरून अगदी निकोप दिसणारं फळ आतून रिकामं असू शकतं. सालीचे पापुद्रे सुटणारा पेपरबार्क मेपल याबाबत कुप्रसिद्ध आहे. त्याच्या शंभर बियांत भरलेल्या बिया बोटांवर मोजण्याइतक्याच निघणं ही नेहमीची गोष्ट. वर कवच लाकडासारखं टणक. सुरुवात या झाडापासून करू नये.

बियांना थंडी का द्यावी लागते?

शरदात पडलेली बी लगेच उगवली तर कोवळं रोप पुढच्या हिमात मरेल. म्हणून बी सुप्तावस्थेत जाते आणि हिवाळा खरोखर होऊन गेल्याची खूण मिळेपर्यंत उठत नाही. ती खूण म्हणजे ओलावा आणि थंडी, दोन्ही एकत्र आणि पुरेसे दिवस. या काळात बीतलं उगवण रोखणारं ॲब्सिसिक ॲसिड कमी होत जातं आणि उगवणीला चालना देणाऱ्या जिबरेलिनचा जोर वाढतो.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'ओलावा' या अटीवर. कोरडी बी पाकिटासकट फ्रिजमध्ये सहा महिने ठेवली तरी ती फक्त साठवण झाली. बीच्या हिशेबात हिवाळा सुरूच झालेला नसतो. थंडीचे दिवस बी फुगून ओली झाल्यापासून मोजायचे. दुसरी गोष्ट, मध्येच ऊब मिळाली तर काही बिया पुन्हा गाढ झोपतात. फ्रिज आठवडाभर बंद पडला तर दिवस नव्याने मोजायची तयारी ठेवा.

फ्रिजमध्ये ही प्रक्रिया नेमकी कशी करायची?

बिया दिवसभर पाण्यात भिजवा. ओलसर कोकोपीट, वर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) किंवा बारीक स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) घ्या. माध्यम पिळलेल्या फडक्याइतकं ओलं हवं, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. त्यात बिया मिसळून झिपच्या पिशवीत भरा, थोडी हवा आत राहू द्या आणि पिशवीवर जात व तारीख लिहा. हे लिहायला टाळाटाळ करू नका, तीन महिन्यांनी सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. तापमान १ ते ५ अंशांच्या दरम्यान हवं, म्हणजे फ्रिजचा मुख्य कप्पा. फ्रीझर नको, भिजलेल्या बीतलं पाणी गोठलं तर गर्भ फाटतो.

दर दोन आठवड्यांनी पिशवी उघडून पाहा. बुरशी दिसली तर घाबरून सगळं फेकून देऊ नका, बहुतेकदा ती मेलेल्या बियांवर आणि पंखांच्या तुकड्यांवर वाढते. अशा बिया काढून टाका, उरलेल्या स्वच्छ धुवा, माध्यम बदला. मोड दिसला की ती बी वाट न पाहता कुंडीत लावा. बाकीच्या फ्रिजमध्येच राहू द्या, सगळ्या एका दिवशी जाग्या होत नाहीत.

कुठल्या जातीला किती दिवस?

शुगर मेपलला साधारण ६ ते १२ आठवडे. याची गंमत अशी की उगवायला त्याला सर्वांत मानवतं ते १ अंशाच्या आसपासचं तापमान, त्यामुळे तो फ्रिजच्या अंधारातच मुळं सोडायला लागतो. इतर झाडांच्या सवयीने "आता बाहेर काढून ऊब देऊ" असं केलंत तर त्याचं नुकसानच होतं. जपानी आणि नॉर्वे मेपलला ३ ते ४ महिने, ट्रायडंटला सुमारे ३ महिने, सिकमोरला दीड ते ३ महिने, बॉक्सएल्डरला २ ते ३ महिने आणि अमूर मेपलला ३ ते ५ महिने धरा. फील्ड मेपल आणि व्हाइन मेपलला आधी एक-दोन महिने खोलीतल्या तापमानाला ओलं ठेवावं लागतं आणि मग तीन ते सहा महिने थंडी. हे आकडे सरासरीचे आहेत, एकाच झाडाच्या बियांतही महिन्याभराचा फरक पडतो.

सिल्व्हर आणि रेड मेपललाही फ्रिज लागतो का?

नाही. त्यांच्या बिया पडतात तेव्हा समोर अख्खा उन्हाळा असतो, थांबण्याचं कारणच नाही. सिल्व्हर मेपलची बी तर साठवताही येत नाही. तिच्यातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की ती मरते. उचलल्या दिवशी पेरा, फार तर दोन-चार दिवस ओल्या कागदात ठेवा. रेड मेपल थोडा मवाळ. त्याच्या बऱ्याच बिया लगेच रुजतात, काही मात्र पुढच्या वसंतापर्यंत थांबतात, म्हणून ट्रे लगेच रिकामा करू नका.

पहिल्यांदाच मेपल लावणाऱ्याला मी याच दोघांची नावं सांगते. निकाल काही आठवड्यांत कळतो आणि हुरूप टिकतो.

ताजी बी मिळत नसेल तर विकतची चालेल का?

जातीवर अवलंबून आहे. नॉर्वे मेपलची बी वाळवून साठवता येते. तिचा जवळचा नातलग सिकमोर मात्र वाळवलेला सहन करत नाही, त्याची कोरडी बी पाकिटात आली असेल तर ती बहुधा मेलेली असते. विक्रेत्याला बी कुठल्या हंगामातली आहे आणि कशी साठवली, हे विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि निळ्या पानांच्या मेपलच्या बिया विकणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पुढे सरका. निळ्या पानांचा मेपल अस्तित्वात नाही. तो फोटो संगणकावर रंगवलेला असतो आणि पाकिटात काय निघेल ते नशीब. सप्तरंगी आणि जांभळ्या-निळ्या मेपलचंही तेच.

चार महिने झाले, एकही मोड नाही. फेकून देऊ?

आधी दोन बिया कापून पाहा. गर्भ घट्ट आणि ताजा असेल तर त्या जिवंत आहेत, फक्त तयार नाहीत. अशा बिया कुंडीत पेरून सावलीत ठेवा, माती वाळू देऊ नका आणि पुढचा हिवाळा त्यांना तिथेच जाऊ द्या. टणक कवचाच्या जातींत पहिलं वर्ष कवच मऊ होण्यातच जातं, म्हणून दुसऱ्या वसंतात रोपं येणं हा त्यांचा नेहमीचा क्रम आहे. जिथे खरा हिवाळा पडतो तिथे तर फ्रिजचा खटाटोप न करता शरदातच बाहेर कुंडीत पेरणं मला जास्त आवडतं. वरून बारीक जाळी मात्र हवीच, उंदीर आणि खारी एका रात्रीत कुंडी साफ करतात.

पेरणीसाठी माती कशी घ्यावी, किती खोल पेरावं?

निचरा उत्तम हवा, बाकी फार नखरे नाहीत. दोन भाग कोकोपीट किंवा चाळलेला पालापाचोळ्याचा कुजलेला भुगा आणि एक भाग पर्लाइट (पांढरे हलके खनिज कण) किंवा जाड वाळू पुरते. बागेतली माती पेरणीच्या ट्रेमध्ये वापरू नका, तिच्याबरोबर बुरशी येते. बी साधारण १ सेंटीमीटर खोल. मोड आलेली बी असेल तर मूळ खालच्या बाजूला. कुंडी उथळ नको, मूळ पहिल्याच महिन्यात बरंच खाली जातं.

उगवलेली पानं मेपलसारखी दिसत नाहीत. चुकीची बी लागली का?

नाही. आधी येतात ती दोन लांबट, पट्टीसारखी पानं म्हणजे बीजपत्रं. मेपलची ओळखीची कातरलेली पानं त्यानंतरच्या जोडीपासून येतात.

रोपं अचानक बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. काय करावं?

हा मर रोग, रायझोक्टोनियासारख्या बुरशीमुळे आणि पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांमुळे होतो. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. आजूबाजूची वाचवायची असतील तर पाणी कमी करा, वाऱ्याला वाट द्या, दाटी विरळ करा आणि आजारी रोपं मातीसकट काढा. पाणी वरून शिंपडण्याऐवजी ट्रेखाली ओतून शोषू दिलं की मातीचा वरचा थर कोरडा राहतो. कोवळ्या रोपांवर घरगुती काढे ओतत बसण्यापेक्षा खिडकी उघडणं जास्त उपयोगी.

खत आणि ऊन किती?

पहिले पाच-सहा आठवडे खत नको. नंतर वाढीच्या काळात पातळ केलेलं संतुलित खत दोन-तीन आठवड्यांनी, आणि उन्हाळा सरताना बंद. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि ती हिमात करपते. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली बहुतेक रोपांना मानवते. जपानी मेपलच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळायला लागल्या तर कारण बहुधा रोग नसतो, कडक ऊन, कोरडा वारा किंवा क्षारयुक्त पाणी असतं. रेड मेपलची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील तर माती जास्त अल्कधर्मी आहे आणि झाडाला मँगनीज मिळत नाही. खत वाढवून हे सुधारत नाही, माती किंचित आम्लधर्मी करावी लागते.

लाल पानांच्या जपानी मेपलच्या बीपासून लालच झाड येईल का?

काही लाल येतील, काही हिरवी, काही मधलीच. नाव असलेले वाण, आणि जपानी मेपलचे असे वाण हजाराच्या घरात आहेत, कलमानेच तसेच्या तसे मिळतात. बी म्हणजे दोन झाडांचं नवं मिश्रण. 'ब्लडगुड' या लाल पानांच्या वाणाच्या झाडाखालून उचललेल्या बीचं रोप 'ब्लडगुड' म्हणून विकणं ही फसवणूकच. पण माझ्या मते बीपासून मेपल वाढवण्याची खरी मजा इथेच आहे. एकाच ट्रेमध्ये पानांचे इतके आकार आणि रंग निघतात की कुठलं ठेवावं हे ठरवणं जड जातं. पहिल्या वर्षी निवड करू नका, कारण कोवळ्या पानांचा रंग पुढे बदलतो.

वर्षभर उष्ण असलेल्या ठिकाणी मेपल वाढेल का?

फ्रिज बीचा हिवाळा भागवतो, झाडाचा नाही. थंड प्रदेशातल्या जातींच्या कळ्यांनाही दरवर्षी थंडीचा काळ लागतो. तो मिळाला नाही तर झाड उशिरा, अर्धवट फुटतं आणि दोन-चार वर्षांत खंगतं. शुगर मेपलचा हट्ट उष्ण हवेत धरू नये. रेड मेपलचा नैसर्गिक पट्टा कॅनडापासून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापर्यंत जातो, पण फ्लोरिडाला कॅनडातल्या क्वेबेकच्या झाडाची बी चालत नाही, उष्ण भागातल्याच झाडाची लागते. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणारा, अखंड कडांच्या पानांचा एसर ऑब्लाँगम उष्णता बराच सोसतो आणि आग्नेय आशियातला एसर लॉरिनम तर सदाहरित आहे. मात्र पानांचा लालभडक शरद हवा असेल तर लख्ख दिवस आणि गोठणबिंदूच्या वरच राहणाऱ्या थंड रात्री लागतात. ते कुंडीत विकत आणता येत नाही.

बोन्सायसाठी बीपासून सुरुवात करणं योग्य का?

वेळ असेल तर हो. ट्रायडंट आणि जपानी मेपल दोन्ही उत्तम. बीच्या रोपाला कलमाची गाठ नसते आणि पहिल्या वर्षीच खालचं मुख्य मूळ छाटलं तर बाजूची मुळं चारी दिशांना सारखी पसरतात. खोड जाड व्हायला मात्र काही वर्षं मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत मोकळं वाढू द्यावं लागतं. उथळ भांड्यात लवकर घातलेलं रोप वर्षानुवर्षं काडीच राहतं.

रोप जमिनीत कधी आणि कुठे लावावं?

दोन-तीन वर्षांनी, झाड पानगळीत असताना. जिथे आधी टोमॅटो, बटाटा किंवा वांगी होती ती जागा टाळा. व्हर्टिसिलियम ही मातीतली बुरशी या पिकांवर पोसली जाते, वर्षानुवर्षं टिकते आणि मेपल तिला सहज बळी पडतो. एक-एक फांदी अचानक सुकत जाते आणि उपाय नाही. सिल्व्हर आणि नॉर्वे मेपलची मुळं वरवर पसरतात, फरसबंदी उचलतात, म्हणून भिंत, पाइप आणि वाट यांपासून ते दूर हवेत. शिवाय जात तुमच्या भागात लावायला परवानगी आहे का, ते आधी पाहा. युरोपातून नेलेला नॉर्वे मेपल ईशान्य अमेरिकेच्या जंगलांत इतका पसरला, की मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

कॅनडाच्या झेंड्यावरचा मेपल कुठला? तोच हवा आहे.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी फडकलेल्या त्या झेंड्यावरचं ११ टोकांचं पान हे सोपं केलेलं चित्र आहे, हुबेहूब कुठल्या जातीचं नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारं झाड हवं असेल तर शुगर मेपल लावा.

मेपल सिरप किती वर्षांनी काढता येईल?

शुगर मेपलचं खोड निदान २५ ते ३० सेंटीमीटर जाड झाल्याशिवाय त्याला रसासाठी भोक पाडू नये, आणि तिथवर यायला तीस-चाळीस वर्षं, दाट जंगलात त्याहूनही जास्त लागतात. रसात साखर साधारण २ टक्के, म्हणून १ लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. नातवंडांसाठी लावा.

मोठं झालेलं झाड बियाच धरत नाही. का?

बॉक्सएल्डरमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, नराला बिया येणारच नाहीत. स्ट्राइप्ड मेपल तर वर्षागणिक लिंगही बदलू शकतो. बाकी जातींत वय कमी असणं किंवा फुलोऱ्याच्या वेळी हिम पडणं ही नेहमीची कारणं. शुगर मेपल भरघोस बी दर काही वर्षांनीच धरतो, मधली वर्षं जवळपास कोरडी जातात.

शेजारी घोडे चरतात. मेपल लावला तर धोका आहे का?

आहे, आणि तो गंभीर आहे. सिकमोर आणि बॉक्सएल्डरच्या बियांत व कोवळ्या रोपांत हायपोग्लायसिन ए हे विष असतं. ते खाल्लेल्या घोड्यांचे स्नायू निकामी होतात आणि पुष्कळ घोडे दगावतात. रेड मेपलची सुकलेली पानं घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. या तिन्ही जाती कुरणाजवळ लावू नका. बी वाऱ्याबरोबर लांब जाते, त्यामुळे कुंपणाच्या अलीकडे झाड असणं पुरेसं नाही. आधीच मोठं झाड असेल तर बिया पडण्याच्या दिवसांत आणि वसंतात रोपं उगवतात तेव्हा घोडे तिथून हलवावेत.